सावकाश जगणाऱ्यांचं शास्त्र

जमिनीतल्या जिवांविषयी मराठीत जे लिहिलं जातं ते बहुधा गांडुळापाशी सुरू होतं आणि गांडुळापाशीच संपतं. गांडूळ डोळ्यांना दिसतं, हातात धरता येतं, त्याचं खत पोत्यात भरून विकता येतं, आणि शेतकऱ्याचा मित्र ही पदवी त्याला शाळेच्या पुस्तकातच मिळालेली असते. वाळवीची दखल घेतली जाते ती तिने दाराची चौकट खाल्ल्यावर. हुमणीची, उसाचं बेट वाळल्यावर. ज्यांचा फायदा विकता येत नाही आणि तोटा मोजता येत नाही, अशा जिवांकडे पाहायला सवड कुणाला? ओरिबॅटिड माइट हे असे जीव आहेत, आणि हे पुस्तक त्यांच्यावर आहे.

कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातले हे आठ पायांचे प्राणी. भेंडीची, वांग्याची पानं पिवळी पाडणारी लाल कोळी शेतकऱ्याला चांगली ठाऊक असते, तीही माइटच. पण ओरिबॅटिड माइट जिवंत झाडाच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यांचं बिऱ्हाड कुजणाऱ्या पाल्यात, शेवाळात, दगडफुलात, सडक्या ओंडक्यात, झाडाच्या सालीवर. बहुतेक जाती खसखशीच्या दाण्याहून लहान असतात, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापासून फार तर एक मिलिमीटरपर्यंत. रंग पिवळसर तपकिरी ते काळसर, पाठ टणक. आजवर अकरा हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. माद्रिदचे लुईस सुबियास यांनी २००४ मध्ये छापलेली जागतिक यादी तेव्हापासून सतत वाढते आहे. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत एका चौरस मीटर जमिनीत हे माइट लाखाच्या वर असतात.

त्यांची एक गोष्ट आधी सांगितली की बाकीच्या समजायला सोप्या जातात. त्यांना घाई नाही. उन्हाळ्याच्या तापात लाल कोळीचं अंडं आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढलेली मादी होतं. ओरिबॅटिड माइट अंड्यातून निघतो तो सहा पायांचा. मग आठ पायांच्या तीन अवस्था, प्रत्येक वेळी कात, आणि मग प्रौढ. थंड प्रदेशात या सगळ्याला वर्ष सहज जातं, ध्रुवाजवळ कित्येक वर्षं. अंडी एका वेळी थोडीच. प्रौढ झाल्यावरही तो महिनोन्‌महिने जगतो. कीटकांच्या आणि माइटच्या जगात, जिथे बहुतेकांचा भर लवकर वाढून पुष्कळ पिल्लं घालण्यावर असतो, तिथे ही चाल वेगळी आहे.

सावकाश जगायचं तर मरून चालत नाही. म्हणून यांच्या अंगावर जो बंदोबस्त असतो तो पाहण्यासारखा आहे. काही जातींच्या कवचात कॅल्शियमचे क्षार साठवलेले असतात. काही पाय आत ओढून, पुढचा भाग खाली मिटून स्वतःला पेटीसारखं बंद करतात. मग मुंगीला धरायला टोकच सापडत नाही. काही लहानपणापासूनची प्रत्येक कात पाठीवर एकावर एक चढवून हिंडतात. आणि जवळजवळ सगळ्यांच्या पाठीत दोन बाजूंना तेलाच्या ग्रंथी असतात, ज्यांतून चावणाऱ्याला नकोसं होईल असं काहीतरी बाहेर पडतं. ओरिब्यॅट्युला टिबियालिस ही जात तर हायड्रोजन सायनाइड सोडते, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. कोळ्यांच्या व्यापक कुळात सायनाइड सोडणारा प्राणी त्याआधी माहीत नव्हता. आर्केगोझिटीस लाँगिसिटोसस नावाच्या उष्णकटिबंधी माइटचं वजन मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढं. पण खडबडीत पृष्ठभागावर त्याने पाय रोवले की त्याला हलवायला त्याच्या वजनाच्या सुमारे ११८० पट बळ लागतं. हे मोजणारे मायकेल हीटहॉफ आणि त्यांचे सहकारी, साल २००७.

माइटच्या विषाची गोष्ट मध्य अमेरिकेच्या जंगलात फार अनपेक्षित ठिकाणी पोचली. तिथले रंगीत विषारी बेडूक प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली यांनी त्यांच्या कातडीतली शेकडो अल्कलॉइड वेगळी केली होती. पण पिंजऱ्यात वाढवलेल्या बेडकांत विष नसतं असं दिसू लागलं, तेव्हा ते अन्नातून येत असणार हे उघड झालं. संशय मुंग्यांवर होता, आणि काही अंशी तो बरोबरही होता. २००५ मध्ये जपानी संशोधकांना बेडकांतलीच काही अल्कलॉइड जमिनीतल्या ओरिबॅटिड माइटमध्ये सापडली. दोन वर्षांनी राल्फ सॅपोरिटो आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिका आणि पनामातले माइट तपासून त्यांत सुमारे ऐंशी अल्कलॉइड मोजली. म्हणजे निळ्या-लाल बेडकाच्या अंगावरची ती जीवघेणी कीर्ती बऱ्याच प्रमाणात उसनवारीची. पाचोळ्यातल्या माइटने मुंगीला टाळण्यासाठी जे तयार केलं ते बेडकाने साठवलं, आणि आपण बेडकाला पोस्टरवर लावलं.

हा बंदोबस्त किती जुना आहे याचा पुरावा न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ इथल्या खडकात आहे. तिथला खडक हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवला की त्यातून सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे आणि संधिपाद प्राण्यांचे तुकडे सुटे होतात. रॉय नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्यांतल्या ओरिबॅटिड माइटचं वर्णन केलं. त्या वेळी उडणारे कीटक नव्हते. पाठीचा कणा असलेले प्राणी पाण्याबाहेर यायच्या बेतात होते. पुढे कोळशाच्या थरांतल्या सुमारे ३० कोटी वर्षं जुन्या लाकडातही या माइटनी पोखरलेले बोगदे आणि आत पडलेल्या बारीक लेंड्या सापडल्या. वाळवी जन्मायला तेव्हा फार अवकाश होता. लाकूड पोखरण्याचं काम हे करत होते.

अभ्यासाची सुरुवात मात्र साध्या अवजारांनी झाली. इंग्लंडमध्ये अल्बर्ट मायकेल यांनी ब्रिटिश ओरिबॅटिड माइटवर दोन खंड लिहिले. रे सोसायटीने ते १८८४ आणि १८८८ मध्ये छापले. फ्लॉरेन्सचे अँटोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये एक नरसाळं तयार केलं. वर जाळीवर पाचोळा, भोवती गरम पाण्याचं वेष्टण, खाली अल्कोहोलची बाटली. वरचा पाला सुकत जातो तसे ओलाव्याच्या मागे प्राणी खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. स्वीडनच्या अल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये गरम पाण्याच्या जागी विजेचा दिवा लावला. शंभर वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. आजही जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांत हेच नरसाळं आहे, आणि पत्र्याचं नरसाळं, चहाची गाळणी आणि चाळीस वॅटचा दिवा घेऊन ते कुठल्याही महाविद्यालयात तयार होतं. पहिल्या प्रकरणात त्याची कृती दिली आहे.

नरसाळ्यातून प्राणी मिळतात. ते पाहायचे कसे, हे शिकवलं एका खनिजशास्त्रज्ञाने. फ्रान्स्वा ग्रांजां (१८८२–१९७५) हे पॅरिसच्या खाणशास्त्राच्या महाविद्यालयातले प्राध्यापक. द्रवस्फटिकांवरचं त्यांचं काम भौतिकशास्त्रात आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पण मध्यमवयात ते माइटकडे वळले आणि मग आयुष्यभर तिकडेच राहिले. स्फटिक पाहणाऱ्या माणसाची सवय म्हणून त्यांनी माइटचे केस ध्रुवित प्रकाशात ठेवले. काही माइटच्या केसांचा गाभा उजळला, काहींचा नाही. ओरिबॅटिड, लाल कोळी आणि त्यांचे सोयरे एका बाजूला पडले. गोचीड आणि त्यांचे सोयरे दुसऱ्या बाजूला. १९३५ मध्ये त्यांनी या एका खुणेवर सगळ्या माइटचे दोन मोठे विभाग केले. ते विभाग अजून उभे आहेत. आता तर, हे दोन विभाग एकमेकांचे सख्खे नातलग तरी आहेत का, यावर जनुकशास्त्रज्ञ भांडत आहेत.

ग्रांजांची दुसरी देणगी म्हणजे माइट काचपट्टीवर कायमचा चिकटवून न टाकण्याची. लॅक्टिक आम्लात तो पारदर्शक करायचा, खळगा असलेल्या काचपट्टीवर ठेवायचा, वरची पातळ काच अर्धीच झाकायची आणि ती हळूच सरकवत प्राणी फिरवत न्यायचा: पाठ, कूस, पोट, पुन्हा पाठ. प्रत्येक केसाला नाव द्यायचं, आणि तो केस कोणत्या अवस्थेत पहिल्यांदा उगवतो ते नोंदवायचं. त्यांचे निबंध वाचणं हे सुखाचं काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्यांची चित्रं पाहिल्यावर बाकीच्यांची चित्रं अपुरी वाटू लागतात.

आता सगळ्यात मोठं कोडं. प्राण्यांत नराशिवाय चालणाऱ्या जाती विरळा, आणि असल्या तरी त्या वंशवृक्षाच्या टोकाच्या कोवळ्या डहाळ्या असतात. आजच्या काळात आहेत, पुढे टिकत नाहीत. सिद्धान्त असा की नर-मादीची जनुकं मिसळत नसतील तर घातक बदल साचत जातात आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेता येत नाही. ओरिबॅटिड माइटना हा सिद्धान्त कुणी सांगितलेला दिसत नाही. त्यांच्या सुमारे दहा टक्के जातींत फक्त माद्या आहेत, अंडी फलनाशिवाय वाढतात, आणि अशा जातींची मिळून अख्खी कुळं बनलेली आहेत. एक कूळ आधी नरहीन झालं आणि मग त्यातून जाती फुटत गेल्या, असाच त्याचा अर्थ होतो. क्वचित एखादा नर जन्मतो, पण जिथे असे नर तपासले गेले तिथे ते निरुपयोगी ठरले. आर्केगोझिटीसची जी पैदास जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे ती नॉर्टन यांनी १९९३ मध्ये पोर्तो रिकोतून आणलेल्या एकाच मादीची आहे.

हे खरोखर लाखो वर्षं चाललं आहे की मधून कुठेतरी लपूनछपून संकर होतो, हा प्रश्न होताच. तो तपासायचा मार्ग असा: प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. संकर होत राहिला तर त्या मिसळतात. तो थांबला तर दोन्ही प्रती आपापल्या वाटेने जातात आणि दर पिढीला एकमेकींपासून दूर होतात. बऱ्याच प्राण्यांत हे शोधून हाती काही लागलं नव्हतं. २०२१ मध्ये कोलोन, लोझान आणि गटिंगेनच्या संशोधकांनी ओप्पियेला नोव्हा या जेमतेम पाव मिलिमीटरच्या माइटमध्ये ते दाखवून दिलं. ही जात जगात जवळजवळ सगळीकडे आढळते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिच्या एकेका प्राण्यातून जनुकसंच वाचण्याइतका माल काढणं जवळपास अशक्य होतं.

मग बाकीच्या नव्वद टक्के जाती नर का बाळगतात? गटिंगेनचे श्टेफान शॉय आणि मार्क माराउन यांच्या गटाचं उत्तर मला पटतं. अन्न मुबलक आणि वर्षानुवर्षं एकसारखं असेल, तर एकटी मादी पुरेशी. वाटणीला नर कशाला? कुजणाऱ्या पाल्याच्या खोल थरांत, जिथे माइटची गर्दी सर्वांत जास्त, तिथे नरहीन जातींचा वाटा मोठा असतो. झाडाच्या सालीवर, जिथे अन्न तुटपुंजं, तिथे तो अगदी कमी. २००७ मध्ये याच मंडळींनी आणखी पुढची गोष्ट मांडली: क्रोटोनिइडी हे कूळ नरहीन पूर्वजांतून आलं आणि त्याने नर पुन्हा मिळवला. उत्क्रांतीत हरवलेली गुंतागुंतीची गोष्ट परत मिळत नाही या जुन्या नियमाला हा सरळ धक्का होता, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. नर असलेल्या जातींतही संसार म्हणावा असा नाही. नर जमिनीवर बारीक देठ उभा करून त्याच्या टोकाला शुक्राणूंचा थेंब ठेवतो आणि निघून जातो. मादी आली तर उचलते. बहुतेक जातींत दोघांची गाठ पडायची गरज नसते.

ते खातात काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. हातभर पाचोळ्यात पन्नासच्या वर जाती एकत्र कशा नांदतात, एकमेकींच्या तोंडचा घास कशा काढत नाहीत, हे कोडं इंग्लंडच्या जॉनथन अँडरसन यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं. बराच काळ उत्तर दिलं जाई ते ‘सगळे कुजकं खातात’ एवढंच. २००४ मध्ये काट्या श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ३६ जातींच्या शरीरातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं. अन्नसाखळीत प्राणी जितका वर, तितकं जड नायट्रोजनचं प्रमाण जास्त. जाती एका ओळीत आल्याच नाहीत. काही दगडफूल खाणाऱ्या, काही पाला, पुष्कळशा बुरशी, आणि काही चक्क सूत्रकृमी नाहीतर मेलेले प्राणी खाणाऱ्या निघाल्या. एकाच वाटीभर मातीत तीन-चार पंगती बसलेल्या होत्या.

इथे एक सावधगिरी. मृदाप्राण्यांवरच्या लोकप्रिय लेखनात ‘हे चिमुकले जीव पाला खाऊन माती तयार करतात’ असं वाक्य ठरलेलं असतं. ते मी या पुस्तकात येऊ दिलेलं नाही. पाला कुजवण्याचं मुख्य काम बुरशी आणि जिवाणू करतात. जमिनीच्या एकूण श्वसनात ओरिबॅटिड माइटचा थेट वाटा लहान आहे. त्यांचं महत्त्व आडवाटेने येतं. ते बुरशी चरतात, तिचे बीजाणू अंगावरून आणि पोटातून इकडेतिकडे नेतात, पानाचे तुकडे करून लेंड्यांच्या रूपात जिवाणूंपुढे ठेवतात. हे किती, कुठे आणि कोणत्या ऋतूत, याची उत्तरं जागेगणिक बदलतात. अभ्यास व्हावा म्हणून प्राण्याला मोठेपणा द्यावा लागतो हेच मला खटकतं.

टणक कवच मेल्यावरही टिकतं, आणि त्याचा उपयोग इतिहासकारांना झाला. पेरूमध्ये कुस्कोच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून ३३०० मीटरहून उंचावर मार्काकोचा नावाचं एक जुनं तळं आहे. लामांचे तांडे त्याच्या काठावरच्या कुरणातून जात. शेणावर आणि कुजक्या गवतावर माइट वाढत, आणि त्यांची कवचं गाळात जमा होत. ॲलेक्स चेप्स्टो-लस्टी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्या गाळातले माइट थरांप्रमाणे मोजले. इंका साम्राज्य पसरू लागलं तशी संख्या चढली. स्पॅनिश आले, माणसं आणि जनावरं मेली, आणि ती कोसळली. ज्या राज्याने लिपी ठेवली नाही त्याच्या जनावरांचा हिशेब असा पाचोळ्यातल्या माइटनी लिहून ठेवला होता.

आपल्याकडे त्यांचा सगळ्यात थेट संबंध येतो तो मेंढ्यांशी. मोनिझिया नावाचा पट्टकृमी मेंढ्या-शेळ्यांच्या आतड्यात मीटरभराहून लांब वाढतो. त्याची अंडी लेंड्यांबरोबर बाहेर पडतात, पण ती थेट दुसऱ्या मेंढीला लागण करू शकत नाहीत. मधला वाहक कोण हे कित्येक वर्षं कळत नव्हतं. अमेरिकेचे होरेस स्टंकार्ड यांनी १९३७ मध्ये तो ओरिबॅटिड माइट आहे हे सिद्ध केलं. माइट अंडी गिळतो, काही महिने कृमी त्याच्या शरीरात वाढतो, आणि दमट वेळी माइट गवताच्या पात्यावर चढला की चरणाऱ्या कोकराच्या पोटात जातो. माळावर कळप घेऊन फिरणाऱ्या धनगराला लेंड्यांतले पांढरे तुकडे ओळखीचे असतात, पण ते कुठून आले याचा माग त्याच्या पायाखालच्या गवतात लागतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माइट मारून हा रोग जात नाही, औषध मेंढीलाच द्यावं लागतं. तरी कुरण आलटूनपालटून वापरण्याचा जुना शहाणपणा इथे कामी येतो.

भारतातल्या माइटवरचं काम १९०६ इतकं जुनं आहे. त्या वर्षी पिअर्स यांनी सिक्कीम-हिमालयातल्या जातींवर लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे हा अभ्यास प्रामुख्याने दोन ठिकाणी रुजला. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत सान्याल आणि भादुरी यांनी १९८६ मध्ये देशातल्या जातींची यादी छापली. कालिकत विद्यापीठात एम. ए. हक यांनी विद्यार्थ्यांची एक फळी तयार केली. महाराष्ट्रातल्या वाचकाला आंबोली किंवा भीमाशंकरच्या पाचोळ्यातला प्राणी ओळखायचा तर आजही बंगाल-केरळच्या निबंधांचा आधार घ्यावा लागतो.

शेतीखात्याला या प्राण्यांचं काय, असं विचारलं जाईल. २०१५ पासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यांत जिवंत असं काही नाही. मी ही तक्रार म्हणून सांगत नाही. लाखो नमुने तपासायचे तर रसायनंच तपासता येतात. पण नांगरट, कीटकनाशक किंवा जड धातू यांचा जमिनीवर झालेला परिणाम लाल कोळी दाखवणार नाही, ती दोन महिन्यांत पूर्ववत होते. ज्याला वाढायलाच वर्ष लागतं आणि जो फार लांब चालत नाही, त्याची उणीव मात्र दिसत राहते. ओप्पिया नायटेन्स या जातीच्या प्रजननावर प्रदूषकांचा परिणाम मोजण्याची पद्धत २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली.

या प्राण्यांची ओळख पटवण्याचं काम कोण करणार, याचं एक चांगलं उदाहरण जपानचं आहे. चोशी बंदरावर एका हौशी छायाचित्रकाराने धक्क्यावरच्या माइटचे फोटो काढून ट्विटरवर टाकले. ते सातोशी शिमानो यांच्या नजरेला पडले. त्यांनी नमुने मिळवले, ऑस्ट्रियाच्या टोबियास फिंगस्टल यांच्यासोबत तपासले, आणि २०२१ मध्ये अमेरोनोथ्रस ट्विटर ही नवी जात जाहीर झाली. फोटो टाकायला मिनिट लागलं असेल. तो ओळखू येण्यासाठी मागे कित्येक वर्षांची बैठक होती.

पुस्तक वापरणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना. इथे दिलेल्या ओळखीच्या तक्त्यांनी फक्त प्रौढ माइट ओळखता येतात. बऱ्याच जातींची पिल्लं प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की पूर्वी त्यांना वेगळ्या जाती समजून वेगळी नावं दिली गेली, आणि बहुसंख्य जातींच्या पिल्लांचं वर्णन अजून झालेलंच नाही. नमुन्यात फिकट, मऊ कवचाचे, केसाळ प्राणी आले तर ते टाकून देऊ नयेत. सत्तर टक्के अल्कोहोलच्या वेगळ्या कुपीत, त्याच नमुन्यातल्या प्रौढांचा क्रमांक लिहून ठेवावेत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी आणि कुपीच्या आत टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.